हेड आणि कॅम एकाच बैठकीत निवडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत रोजच्या वापरातल्या गाडीच्या इंजिनाची ताकद कशी वाढवावी यावर लेख आला होता. त्यात सिलिंडर हेडची (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा म्हणजे पोर्ट असतात) माहिती एका चौकटीत होती आणि कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, म्हणजेच कॅम) दुसऱ्या. सल्ला मात्र दोन्हीकडे एकच होता: परवडेल तेवढे मोठे घ्या. हा सल्ला मानून बांधलेली इंजिने पुढे आमच्यासारख्यांच्या बाकावर येतात, म्हणून हे पत्र. मी आयुष्यभर हेडचेच काम केले. सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती कड) कापणे, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदलणे, हेड घासून सरळ करणे, पोर्ट मोकळे करणे, हेच माझे काम. माझे म्हणणे एवढेच आहे की हेड आणि कॅम या दोन खरेदी नाहीत, एकच खरेदी आहे. आणि ती करण्याआधी गाडीचे वजन, गिअरचे प्रमाण आणि इंजिन दिवसातला बराच वेळ मिनिटाला किती फेऱ्यांवर चालणार, हे ठाऊक असलेच पाहिजे.

उदाहरणासाठी शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ घेतो. १९५५ साली २६५ घनइंचांचे पहिले इंजिन आले, १९६७ मध्ये ३५० घनइंचांचे आले, आणि हेड-कॅमच्या जोड्या जगभरात जितक्या या इंजिनावर लावून पाहिल्या गेल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या इंजिनावर लावल्या गेल्या असतील. त्याची मापे कोणालाही पडताळून पाहता येतात. ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३.४८ इंच. म्हणजे एका सिलिंडरमध्ये साधारण ७१६ घनसेंटीमीटर जागा पिस्टन व्यापतो.

आधी गिअरचे पाहू, कारण लेखात त्याचा उल्लेखच नव्हता. टायर २६ इंच व्यासाचा, मागचा डिफरन्शियल ३.०८ चा, आणि टॉप गिअर थेट. अशी गाडी ताशी १०० किलोमीटरने जाते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २,४७५ फेऱ्या घेते. त्यात ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असेल तर फक्त १,७३०. शहरात याहूनही कमी. ज्या कॅमचा जोर ३,००० फेऱ्यांनंतर सुरू होतो आणि ६,५०० पर्यंत टिकतो, तो कॅम अशा गाडीत बसवला तर चालक त्याच्या कामाच्या पट्ट्यात जवळजवळ कधी पोहोचतच नाही. सिग्नलवरून गाडी उचलताना, चढावर, मागे चार माणसे बसलेली असताना जो पिकअप लागतो तो १,५०० ते ४,००० च्या दरम्यानचा असतो. तेवढा पट्टा भरलेला हवा. ६,००० वर काय आकडा मिळतो हे रस्त्यावरच्या गाडीसाठी दुय्यम आहे.

आता मोठ्या कॅमने खाली काय होते ते सांगतो. कॅमचे ड्युरेशन (व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो ते) वाढते तसा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बसतो, म्हणजे बंद होतो. पिस्टन तळाला पोहोचून वर यायला निघालेला असतो तरी व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. फेऱ्या जास्त असतात तेव्हा आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्या वेगाच्या जोरावर ती पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहते, आणि तिथे उशिरा बंद होणे फायद्याचे ठरते. कमी फेऱ्यांवर तो वेगच नसतो. मग पिस्टन आत आलेले मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये (हेडकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) ढकलतो.

किती ढकलतो याचा हिशेब करता येतो. २७० अंशांचा कॅम, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांच्या, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांच्या, शिखरांमधला कोन) ११० अंश, इनटेकची मध्यरेषा (पिस्टन वर असल्यापासून व्हॉल्व्ह सर्वाधिक उघडेपर्यंतचे अंश) १०६ अंशांवर. हा व्हॉल्व्ह तळबिंदूनंतर ६१ अंशांवर बसतो. ३५० च्या ५.७ इंची कनेक्टिंग रॉडने मोजले तर तोवर स्ट्रोकचा सुमारे पाचवा भाग संपलेला असतो. त्याच मध्यरेषेवर ३०० अंशांचा कॅम घेतला तर व्हॉल्व्ह ७६ अंशांवर बसतो, आणि तोवर स्ट्रोकचा सुमारे ३१ टक्के भाग गेलेला असतो. कमी फेऱ्यांवर दाब तयार करायला उरलेलाच स्ट्रोक कामी येतो.

इथे हेड मध्ये येते. हेडच्या चेंबरमध्ये (पिस्टनच्या वरच्या, मिश्रण जळते त्या पोकळीत) किती घनसेंटीमीटर जागा आहे यावर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते, ठरते. गॅस्केटचे ९, पिस्टन ब्लॉकच्या कडेपासून खाली राहतो त्याचे ५ आणि पिस्टनच्या माथ्यावरच्या खाचांचे ५ धरले, तर ६४ घनसेंटीमीटरच्या चेंबरबरोबर वर उरणारी एकूण जागा ८३ होते आणि कॉम्प्रेशन ९.६ येते. याच इंजिनावर ७६ चे चेंबर असलेले हेड ठेवले की एकूण ९५ आणि कॉम्प्रेशन ८.५. कागदावर फरक एका आकड्याचा. आता व्हॉल्व्ह बसल्यानंतर उरलेल्या स्ट्रोकने तोच हिशेब करा. लहान चेंबर आणि २७० चा कॅम: ७.९. मोठे चेंबर आणि ३०० चा कॅम: ६.२. दुसऱ्या जोडीचे इंजिन खालच्या फेऱ्यांवर मेल्यासारखे चालते. त्याला कार्बोरेटरची जेट बदलून बरे करता येत नाही, इग्निशन पुढे-मागे करूनही नाही. लोक महिनोन्‌महिने कार्बोरेटर खोलत बसतात. दोष तिथे नसतोच.

उलट बाजूही आहे. चेंबर फार लहान, पिस्टन घुमटाचा आणि कॅम छोटा, असे जुळवले तर दाब इतका होतो की ठिणगीनंतर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटू लागते. नॉकिंगचा आवाज चढावर ऐकू येतो, आणि दुर्लक्ष केले तर पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी फुटते. थोडक्यात, जास्त कॉम्प्रेशन मोठ्या कॅमला सांभाळून घेते आणि मोठा कॅम जास्त कॉम्प्रेशनला. कोण कोणाला किती सांभाळणार हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर ओढून घेते, त्यामुळे तिथे बिडाच्या हेडपेक्षा कॉम्प्रेशन थोडे वर नेता येते. पिस्टन वर आला की त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांत साधारण एक मिलिमीटर अंतर राहावे. मिश्रण घुसळले जाते, ज्वाला लवकर पसरते आणि नॉकिंगला आळा बसतो. जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवणारे हे अंतर वाढवून बसतात, आणि कॉम्प्रेशन कमी करूनही इंजिन नॉक का करते म्हणून विचारतात.

ओव्हरलॅप हा दुसरा मुद्दा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून बसलेला नाही आणि इनटेक उघडायला लागला, असे किती अंश चालते तो ओव्हरलॅप. वरचा २७० चा कॅम ११० वर असेल तर ५० अंश, ३०० चा असेल तर ८०. आयडलवर या वेळात जळालेला वायू उलटा मॅनिफोल्डमध्ये शिरतो. इंजिन थरथरते. तो थरथरता आवाज तरुणांना आवडतो, हे मला माहीत आहे, आणि आवडण्यात काही वाईट नाही. पण त्या आवाजाबरोबर व्हॅक्यूम जातो. निरोगी, मूळ कॅमचे इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच पारा इतका व्हॅक्यूम देते. मोठ्या ओव्हरलॅपने तो १० पर्यंतही उतरतो. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. पेडल लाकडासारखे कडक होते आणि गाडी थांबवायला पायाचा जोर लावावा लागतो. कॅम निवडताना ब्रेकचा विचार करावा लागतो हे त्या लेखात एका ओळीने तरी यायला हवे होते. धुराड्यातून न जळलेले पेट्रोल बाहेर पडते तेही याच कारणाने.

आता पोर्ट. मोठ्या पोर्टमधून जास्त हवा जाते, हे फ्लो बेंचवर (हेडमधून जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रावर) खरेच आहे. पण फ्लो बेंच हवा सतत ओढत राहतो. इंजिन हवा झटक्याने ओढते, सोडते, पुन्हा ओढते. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जाते, तसा अरुंद पोर्ट हवेला वेग देतो. त्या वेगामुळे पेट्रोलचे थेंब हवेत तरंगत राहतात, पोर्टच्या भिंतीला चिकटत नाहीत, आणि पिस्टन तळाला गेल्यावरही हवा आत येत राहते. ३५० घनइंचांच्या इंजिनाला, ५,५०० फेऱ्यांच्या आत वापरायचे असेल, तर १७० ते १९० घनसेंटीमीटरचा इनटेक पोर्ट पुरतो. २२० चा पोर्ट याहून मोठ्या इंजिनाला किंवा सतत वर फिरणाऱ्या इंजिनाला शोभतो. रस्त्यावरच्या ३५० ला तो लावला की हवा आळसावते, आणि मग मालक म्हणतो की आता आणखी मोठा कॅम लावू. एका चुकीच्या निवडीवर दुसरी चढते.

१९९६ मध्ये जनरल मोटर्सने ट्रकसाठी काढलेले व्होर्टेक हेड या बाबतीत अभ्यासावे असे आहे. बिडाचे, साधे, व्हॉल्व्ह १.९४ आणि १.५० इंचांचे, चेंबर ६४ चे, पोर्ट १७० च्या आसपास. दिसायला त्यात काही नाही. पण पोर्टचा आकार आणि चेंबर चांगले आहे, आणि मूळ ट्रकच्या इंजिनात २,८०० फेऱ्यांवर ३३० फूट-पौंड टॉर्क मिळत होता. २,८०० हा आकडा पुन्हा वाचावा. रोज चालणाऱ्या गाडीचा पाय तिथेच असतो.

पण याच हेडवर लोक कॅमचा कॅटलॉग चाळून ०.५०० इंच लिफ्टचा (व्हॉल्व्ह तेवढा उचलणारा) कॅम बसवतात आणि फसतात. मूळ व्होर्टेक हेडमध्ये लिफ्ट साधारण ०.४६० इंचाच्या पुढे गेली की स्प्रिंगचा रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणारी वरची चकती) खाली येऊन गाइडच्या सीलवर आदळतो. सील फुटते, तेल जळते, आणि आदळणे चालूच राहिले तर व्हॉल्व्ह, रॉकर, कॅम सगळ्यांना मार बसतो. उपाय अवघड नाही. गाइडची वरची बाजू मशीनवर थोडी उतरवून घ्यायची आणि योग्य स्प्रिंग टाकायची. मात्र हे हेड ब्लॉकवर चढवण्याआधी करायचे. याच हेडला इनटेक मॅनिफोल्ड १२ ऐवजी ८ बोल्टने बसतो, म्हणून जुना मॅनिफोल्ड चालत नाही, आणि रॉकरही (कॅमची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे लिव्हर) त्याला जुळणारे लागतात. हेड बदलले म्हणजे फक्त हेड बदलले असे होत नाही.

लिफ्टबद्दल एक साधा हिशेब. व्हॉल्व्ह उचलला की त्याच्या कडेभोवती जी गोल फट उघडते तिचे क्षेत्रफळ, लिफ्ट व्यासाच्या चौथ्या भागाएवढी झाली की, व्हॉल्व्हच्या स्वतःच्या क्षेत्रफळाइतके होते. १.९४ इंचाच्या व्हॉल्व्हला ही लिफ्ट ०.४८५ इंच. त्याच्या पुढे उचलून मिळतच नाही असे नाही, पण मिळकत घटते आणि स्प्रिंगवरचा भार वाढत जातो. शिवाय व्हॉल्व्ह अर्ध्या उंचीवरून दोनदा जातो, उघडताना आणि मिटताना. शिखरावर एकदाच. हेड विकणारा शिखरावरचा फ्लो मोठ्या अक्षरात छापतो. मी गिऱ्हाइकाला नेहमी ०.२०० आणि ०.३०० इंचांवरचा फ्लो विचारायला सांगतो. तीन कोनांत नीट कापलेली सीट याच मधल्या उंचीवर आपले काम दाखवते, आणि त्यासाठी पोर्ट मोठा करावा लागत नाही. हे सांगताना माझा धंदा आड येतो असे कोणाला वाटेल, पण चांगल्या सीट कामाइतका हेडचा गुण वाढवणारे दुसरे काही मी पाहिलेले नाही.

एक्झॉस्टची बाजूही हेडच सांगते. एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असेल तर दोन्ही लोब सारख्या ड्युरेशनचे चालतात. त्याहून बराच कमी असेल, व्होर्टेकमध्ये तो तसा बेताचाच आहे, तर एक्झॉस्टला ६ ते १० अंश जास्त देणारा कॅम घ्यावा. याचा अर्थ हेडचे आकडे हातात नसताना कॅम मागवणे म्हणजे अंदाजाने मागवणे.

कॅमचे आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. जाहिरातीतले ड्युरेशन प्रत्येक कारखाना वेगवेगळ्या उंचीपासून मोजतो. तुलना करायची तर ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर लिफ्टवरचे ड्युरेशन पाहावे. तिथे २७० चा कॅम साधारण २१५ ते २२५ अंश भरतो. मूळ टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरमधला क्लचच्या जागचा भाग) आणि ३.०८ चा डिफरन्शियल असलेल्या ३५० ला मी २१० ते २१८ च्या पुढे जाऊ देत नाही. ३.७३ चा डिफरन्शियल, हलकी गाडी आणि हाती गिअर असतील तर २२४ पर्यंत हरकत नाही. दोन कॅममध्ये मन अडले तर छोटा घ्यावा. हा माझा आग्रह आहे, आणि छोटा घेऊन पस्तावलेला रोजचा चालक मला भेटलेला नाही.

बसवतानाची तपासणी थोडक्यात सांगतो. कॅमवर लिहिलेली मध्यरेषा डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) आणि डायल गेजने प्रत्यक्ष पाहावी. टायमिंगच्या खुणा जुळल्या म्हणजे अंश जुळले असे धरू नये. पिस्टनवर माती थापून, हेड बसवून, इंजिन हाताने फिरवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधले अंतर मोजावे. इनटेकला किमान ०.०८० इंच, एक्झॉस्टला ०.१०० इंच. हे अंतर सर्वांत कमी पिस्टन अगदी वर असताना होत नाही, त्याच्या दहाएक अंश आगेमागे होते, हे ध्यानात ठेवावे. हेड घासले असेल, गॅस्केट पातळ असेल किंवा रॉकर १.५ चे १.६ (लोबची उचल जितक्या पट होते ते प्रमाण) केले असतील तर हे मोजमाप नव्याने करावे. ०.३०० इंचांचा लोब १.५ ने ०.४५० उचलतो, १.६ ने ०.४८०. पुशरॉडची लांबीही तेव्हाच तपासावी.

स्प्रिंग कॅमच्या कारखान्याने सांगितलेलीच घ्यावी. मऊ असेल तर वरच्या फेऱ्यांवर व्हॉल्व्ह तरंगतात. गरजेपेक्षा कडक असेल तर जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा (लोबवर घासत चालणाऱ्या ठोकळ्याचा) लोब पहिल्याच चालवण्यात घासून जातो. असा नवा कॅम सुरू केल्यावर पहिली २० ते ३० मिनिटे इंजिन आयडलवर न ठेवता २,००० ते २,५०० फेऱ्यांवर चालवावे, आणि तेलात जस्त-फॉस्फरसचे संयुग पुरेसे असावे. आजची बरीच तेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी ठेवतात.

आपल्याला एक विनंती आहे. असे लेख छापताना फक्त कमाल अश्वशक्तीचा आकडा देऊ नये. २,०००, ३,००० आणि ४,००० फेऱ्यांवरचा टॉर्क द्यावा, बदलाच्या आधीचा आणि नंतरचा. आयडलवरचा व्हॅक्यूम द्यावा. गाडीचे वजन, डिफरन्शियलचे प्रमाण, चेंबरचे घनसेंटीमीटर आणि ०.०५० इंचांवरचे ड्युरेशन यांची एक ओळ प्रत्येक इंजिनाखाली असावी. तेवढ्या आकड्यांवरून वाचकाला स्वतः ठरवता येते की ही जोडी आपल्या गाडीला लागू आहे की नाही. लेखकमहाशयांकडे त्या इंजिनांची मापे असतील तर ती कृपया पाठवावीत. कॉम्प्रेशनचा आणि व्हॉल्व्ह बसण्याचा हिशेब मी कागदावर मांडून आपल्याकडे देईन; तो पुढच्या पुरवणीत मूळ लेखाची पुरवणी म्हणून छापता येईल.

आपला,
एक वाचक
(सिलिंडर हेड मशीनिस्ट)